नळाची शिट्टी

टेमघर, भिवंडी
शनिवार दुपार

प्रिय आई,

नव्या तांदळाची गोणी घेऊन भूपेश उद्या इकडे येतोय. परत निघताना त्याच्या पिशवीत हे पत्र घालणार आहे. पत्र बघून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत, कुणी पडलंझडलं नाही. फोनवर बोलता आलं असतं, पण तुझा फोन माझ्या या भावाच्या खिशात असतो आणि तू बोलायला लागलीस की तो स्पीकर लावून तुझ्याऐवजी स्वतःच उत्तरं देतो. माझ्याकडे म्हणशील तर फोन चार्ज करायची जागा सासूबाईंच्या खाटेच्या उशाशी आहे. म्हणून लिहायला बसले. चौथी पास बाईला वाचता येतील अशी मोठी अक्षरं काढलीत. हळूहळू वाच, उद्याची सगळी रात्र लागली तरी चालेल, पण सोमवार दुपारच्या आत संपव. भूपेशकडून मात्र वाचून घेऊ नकोस. सोबत रुमालात गुंडाळलेली एक निळी वस्तू आहे. ती कुणाच्या पोराला खेळायला देऊ नकोस, ती काय आहे ते पुढे सांगते.

मी आत्ता मागच्या दाराशी, मोरीच्या कट्ट्यावर बसलेय, नळासमोर. आज पाण्याचा दिवस. आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येतं हे तुला ठाऊक आहे. कधी येतं ते ठाऊक नाही, कारण ते कुणालाच ठाऊक नसतं. सकाळी आठला येईल नाहीतर दुपारी तीनला येईल. गल्ली चढावर, लाइनच्या शेवटच्या टोकाला. खालच्यांचं भरून झालं की उरेल ते आमचं. आलं की जेमतेम अर्धा तास. तेवढ्यात नळाला पाइप जोडायचा, मोटर लावायची, गच्चीवरची टाकी भरायची. पाणी यायच्या आधी मोटर लावली तर ती कोरडी फिरून जळते. उशिरा लावली तर टाकी अर्धी राहते आणि पाच माणसांना दोन दिवस तेच पाणी पुरवायचं असतं. म्हणून कुणीतरी नळापाशी कान लावून बसायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. आता चार वर्षं होतील.

तुला आठवतं का, तुम्ही हे घर बघायला आला होतात तो दिवस? बाबा ओटीवर बसून जमिनीच्या आणि नोकरीच्या चौकशा करत होते. तू मात्र चहा अर्धा टाकून सरळ मागच्या दाराला गेलीस आणि नळ सोडून पाहिलास. बाकीच्या बायका देवघर बघतात, माळा बघतात, तू नळ पाहिलास. आणि नशीब असं की नेमका तोच अर्धा तास होता. धो धो पाणी आलं. तू ओंजळीनं प्यायलीस, पाय धुतलेस, तोंडावर मारलंस. घरी आल्यावर ओला पदर पिळत मला म्हणालीस, "नळ घरात हाय. तुझ्या डोईवर हंडा न्हाय चढनार." बाबांनी नोकरीबद्दल काय ते सांगितलं, ते कुणी ऐकलंच नाही. नळानं लग्न ठरवलं. तुझ्या टाळूवरचा चुंबळीचा घट्टा मी लहानपणापासून बघत आलेय, तेल लावताना तो बोटांना लागायचा. त्यामुळे मी तेव्हा काही बोलले नाही आणि नंतर तर तोंडच उघडता येईना. लग्नात तू येईल त्या बाईला सांगत होतीस, पोरीनं पुण्य केलं, घरात नळ आहे. त्या बाईला मी काय सांगणार होते?

डोक्यावर हंडा नाही हे खरंच आहे. पण तुझा हंडा दोन खेपांनी संपायचा, आई. विहिरीवर चार बायका भेटायच्या, तू हसत परत यायचीस. मी इथं बसते तिथं समोर भिंत आहे आणि भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. त्याची खटखट सकाळपासून सुरू होते ती थांबत नाही. आधी मी नळाखाली परात पालथी घालून ठेवायची. पहिला थेंब पडला की टण्ण वाजावं म्हणून. पण कारखान्याच्या आवाजात ती टण्ण फक्त हाताच्या अंतरावर ऐकू येते. म्हणून हाताच्या अंतरावरच बसायचं. भाजी तिथंच निवडायची, तांदूळ तिथंच पाखडायचे, केसही तिथंच विंचरायचे. न्हाणीत जायचं तरी सासूबाईंना सांगून जायचं.

मग एकदा बसल्या बसल्या लक्षात आलं की पाण्याच्या आधी हवा येते. पाइपात अडकलेली हवा दोन-तीन मिनिटं नळातून बाहेर पडते, मग पाणी. ही गोष्ट काही नवी नाही, गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. माझ्या डोक्यात एवढंच आलं की ही हवा फुकट का घालवायची? तिला वाजायला लावावं. लग्नाआधी मी हितेशभाईंकडे दापोड्याला दहा महिने काम केलं ते तुला आठवत असेल. गोडाऊनच्या कोपऱ्यात त्यांची तीन यंत्रं आहेत. संगणकावर वस्तूचं चित्र काढायचं आणि यंत्र प्लॅस्टिकची तार वितळवून, तू साच्यातून चकली पाडतेस तसं, थरावर थर घालत ती वस्तू उभी करतं. फार हळू, पण करतं. आयटीआयला ड्रॉइंग शिकले ते तिथंच कामी आलं होतं. माझा जुना लॅपटॉप अजून चालतो, झाकण दोरीनं बांधावं लागतं एवढंच. मापं घेतली, चित्र काढलं आणि हितेशभाईंना फोनवरून पाठवलं. तुझे जावई मनोज दापोड्यालाच गोडाऊनवर सुपरवायझर आहेत, ते येताना डब्याच्या पिशवीत तयार तुकडा घेऊन आले. हे काय आहे असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. पिशवीत कांदे असते तरी त्यांनी असंच आणून ठेवलं असतं.

तुकडा असा आहे: नळाच्या तोंडावर घट्ट बसणारी टोपी, तिला बाजूला शिट्टी आणि खाली एक मोठं भोक. त्या भोकावर सायकलच्या ट्यूबची झडप. हवा आली की झडप मिटलेलीच राहते आणि हवा शिट्टीतून जाते. पाणी आलं की त्याच्या वजनानं झडप उघडते, पाणी खाली पडतं आणि शिट्टी आपोआप थांबते. ट्यूबची युक्ती तुझीच. बोअरिंगच्या पंपाचा वायसर झिजला की तू भूपेशच्या सायकलची ट्यूब कापायचीस आणि तो बोंबलत फिरायचा.

पहिली शिट्टी सपशेल फसली. वाजली छान, पण आवाज अगदी कुकरसारखा निघाला. सासूबाई कुकरच्या शिट्ट्या बोटांवर मोजतात, तीन झाल्या की गॅस बंद. त्या दिवशी कुकरची एक झाली आणि नळाच्या दोन. त्यांनी गॅस बंद केला. रात्रीच्या जेवणात तुरीची डाळ दाताखाली कटकट वाजत होती आणि माझे सासरे दौलतराव, ज्यांना मिठाचा एक कण जास्त झालेला कळतो, ते मुकाट्यानं चावत होते. मला इतकं हसू आलं की पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेले. दुसरी शिट्टी जाडसर आवाजाची केली तर ती लूमच्या खटखटीत बुडून गेली. तेव्हा समजलं की कारखान्याचा आवाज जाड आहे, त्याच्यावर जायचं तर बारीक पाहिजे. शिट्टीची नळी कापत कापत करंगळीच्या पेरापेक्षा लहान केली. तिसरीत झडप चिकटून बसली. चौथी जमली. टिटवी ओरडावी असा आवाज येतो. गच्चीवर ऐकू येतो, पुढच्या खोलीत ऐकू येतो, गल्लीच्या नाक्यावर शिंपिणीच्या दुकानातही ऐकू येतो. 

थांब, वाजली. जाऊन येते.

आले. आज चांगलं आलं, टाकी पाऊण झाली. हात ओले आहेत म्हणून कागदाला डाग पडले, रडलेय असं समजू नकोस.

तर चौथी शिट्टी जमली त्या दिवशी मी काय केलं सांगू? नाक्यापर्यंत चालत गेले. पाण्याच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. शिंपिणीकडे काही काम नव्हतं, उगाच दोऱ्याची रिळं बघत उभी राहिले. बाहेर उन्हात उभं राहायला किती बरं वाटतं हे मी विसरले होते. शिट्टी वाजल्यावर धावत आले आणि मोटर लावली. त्यानंतर गल्लीतल्या अकरा घरांनी शिट्ट्या मागून नेल्या. प्रत्येकीचा आवाज मी थोडा थोडा वेगळा ठेवला, नाहीतर एकीच्या नळाला हवा आली की अकरा बायका धावल्या असत्या. हितेशभाईंनी हे पाहिलं आणि फोन केला. म्हणाले, घरातल्या वस्तूंचे असे तुकडे लोक मागतात, मिक्सरचे, पंख्याचे, कपाटाचे, आणि माप घेऊन चित्र काढायला माझ्याकडे माणूस नाही. दहा ते चार ये. हे दिवाळीनंतरचं बोलणं. दोन महिने झाले, त्यांनी जागा धरून ठेवलीय, आता जास्त दिवस धरणार नाहीत.

मला वाटलं, घरात अडचण ती काय येणार? अडचण नळाची होती आणि तिच्यावरच तर मी शिट्टी केली होती. मनोजना सांगितलं, ते म्हणाले, बघू. तुझा जावई वाईट नाही, आई, पण त्याचा सगळा संसार या एका शब्दावर चाललाय. सासऱ्यांसमोर विषय निघाला. त्यांनी शिट्टीचं कौतुक केलं, शेजारच्यांना तेच आपणहून दाखवत असतात. मग म्हणाले, "शिट्टी हाय ती बरीच हाय. पन ती ऐकून उठाया घरात कोन पायजे का नको?" मी कामावर गेले तर घरात तीन माणसं असतात. सासरे स्वतः मागच्या पडवीत, नळापासून दहा पावलांवर पेपर वाचत बसलेले. सासूबाई टीव्हीसमोर, आणि त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. दीर दीपेशची दुपारपाळी, तो तीन वाजेपर्यंत खाटेवर मोबाइल बघत लोळत असतो. मला बाहेर पडता यावं म्हणून मी शिट्टी केली आणि घरानं ठरवलं की शिट्टी माझी, म्हणजे उठायचंही मीच. आधी निदान पाणी चुकलं तर नशिबाला दोष देता यायचा. आता शिट्टी वाजली तरी पाणी चुकलं, म्हणजे माझाच गुन्हा.

मागच्या महिन्यात मला ताप आला होता. फोनवर सांगितलं होतं, तू सुंठ घे म्हणालीस. त्या दिवशी मी आतल्या खोलीत पडले होते आणि दुपारी बाराच्या सुमाराला शिट्टी वाजली. सवयीनं पाय खाली टाकले, खाटेच्या कडेवर उठून बसले आणि तशीच बसून राहिले. मुद्दाम नाही, डोकं गरगरत होतं. पण मग मुद्दाम बसले. बघू तरी कोण उठतं. शिट्टी दोन मिनिटं वाजत होती. टीव्हीचा आवाज वाढला. सासऱ्यांनी पेपराचं पान उलटलं, मला आवाज आला. मग शिट्टी थांबली, म्हणजे पाणी आलं, आणि मग हाका सुरू झाल्या. "रीमा, शिट्टी वाजली गं." सासऱ्यांची एक, सासूबाईंच्या दोन. दीपेशनं खाटेवरूनच ओरडून सांगितलं, "वहिनी, पाणी आलं." मी हलले नाही. अर्धा तास मोरीत पाणी पडत होतं आणि गटारात जात होतं. कुणी नळसुद्धा बंद केला नाही. थांबल्यावर सासूबाई चहा घेऊन आल्या, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "बरं न्हवतं तर सांगायचंस, बाय." मायेनं म्हणाल्या, खोटं कशाला बोलू. मला रडू फुटलं, त्यांना वाटलं तापानं.

चार वर्षं मी समजत होते की मला नळानं अडकवलंय. पाण्याला वेळ नाही, गल्ली चढावर आहे, कारखान्याचा आवाज आहे म्हणून मी अडकलेय. म्हणून मी मापं घेतली, ट्यूब कापली, चार चार वेळा चित्र काढलं. नळाचं सगळं दुरुस्त झालं, आई. शिट्टी सगळ्यांना ऐकू येते. उठते मात्र मी एकटीच. याच्यावर कुठलं चित्र काढायचं ते मला कुणी शिकवलं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलंय, ते लिहायला हात उचलत नाही. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दुसऱ्या दिवशी आले, तेही दोन तासांसाठी. सासूबाईंना बरं नाही असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. त्या ठणठणीत होत्या. ऑपरेशनच्या दिवशी पाणी होतं. इथून आपलं खारबाव तासाभराच्या आत, आणि पट्टी बांधलेल्या माझ्या आईजवळ मी नव्हते, मी मोरीत पालथ्या परातीसमोर बसले होते. तू ते खरं मानलंस. वर त्यांच्यासाठी सुक्या बोंबलांची पुडी दिलीस, आजारी माणसाच्या तोंडाला चव येईल म्हणून. ती पुडी मी आठ दिवस उघडली नव्हती.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. परवा सोमवारी सकाळी साडेनऊला मी दापोड्याला कामावर जाणार आहे. सोमवार पाण्याचा दिवस आहे, मला माहीत आहे, मी विसरलेले नाही. घरात सगळ्यांना सांगून झालंय. शिट्टी कशी काढायची, पाइप कसा जोडायचा, मोटरचं बटण कोणतं, हे तिघांनाही हाताला धरून दाखवलं आणि कागदावर लिहून मोरीच्या भिंतीला चिकटवलं. मनोज म्हणाले, बघू. सासरे पेपर घेऊन पडवीत गेले. सासूबाई एवढंच म्हणाल्या की तुझ्या आईला फोन लावते. मागच्या वर्षी मी कुरकुर केली तेव्हाही त्यांनी तुला फोन केला होता. तू पहिल्या गाडीनं आलीस आणि सगळ्यांदेखत मला म्हणालीस, दारात नळ असलेल्या बाईनं कंटाळले म्हणू नये, लोक हसतील. मी परत मोरीत जाऊन बसले, कारण तुझा तो ओला पदर माझ्या डोळ्यांपुढे आला. आता तुला सगळं ठाऊक झालंय. रुमालातली निळी शिट्टी तुझ्यासाठी आहे, तुझ्याकडेही आता नळ आलाय, तो लाव. सोमवारी दुपारी किंवा संध्याकाळी तुझा फोन वाजेल. टाकी रिकामी आहे, सून घर टाकून गेली, असं सांगतील. त्या दिवशी फोन भूपेशच्या हातात देऊ नकोस. तू भांडू नकोस, माझी बाजूही घेऊ नकोस, आणि पिशवी भरून निघू तर मुळीच नकोस. सगळं ऐकून घे आणि शांतपणे एवढंच विचार: घरात कोण कोण होतं, आणि शिट्टी वाजली होती का?

तुझीच,
रीमा